डोळ्यांवर पंचा बांधून वायपर लावता येतो का, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं नव्या गाड्यांचं सदर मी नेमाने वाचते. गेल्या खेपेला एका वाक्याशी अडले. ‘डॅशबोर्डवर बटणांचा पसारा अजिबात नाही, सगळं एकाच मोठ्या पडद्यावर.’ हे कौतुकाने लिहिलं होतं. मी चिपळुणात एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. त्या ‘पसाऱ्या’ची बाजू घेऊन चार शब्द लिहावेत म्हणून बसले. चारात भागणार नाही, पण कात्री आपल्या हातात आहेच.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल मूळचं सासऱ्यांचं. ते फियाटवर शिकवायचे, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेल्या. त्यांची एक पद्धत होती. शिकाऊ माणसाचा हात जरा बसत आला की गाडी अंगणात बंद उभी करायची, त्याच्या डोळ्यांवर स्वतःचा पंचा बांधायचा आणि हुकूम सोडायचे. वायपर लाव. डिपर दे. हॉर्न. ब्लोअर काचेवर घे. हात चाचपडला की म्हणायचे, “अजून पंधरा दिवस मैदानातच.” मला त्यांनी दोनदा नापास केलं होतं, सून असूनही. आज मी तेच करते. पंचाऐवजी ओढणी असते, एवढाच फरक. चाळिशी-पन्नाशीच्या बायका आधी हसतात. मग तिसऱ्या दिवशी बघावं, तर हात आपसूक जागेवर जातो आणि चेहरा असा फुलतो की काय सांगू!

गेल्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे वेगळेच विद्यार्थी येऊ लागलेत. लायसन हातात असतं, नवीकोरी गाडी दारात असते, फक्त धीर नसतो. मुलगा पुण्याहून गाडी पाठवतो आणि आईला सांगतो, “मॅडमबरोबर पंधरा दिवस फिर.” मग मी त्यांच्या गाडीत डावीकडे बसते. तिथे ओढणीचा खेळ मांडायला गेले तर तो खेळ पहिल्याच हुकुमाला संपतो. पडदा गुळगुळीत असतो. बोटाला काही लागतच नाही. टेकाड नाही, खळगा नाही, फिरवायचं चाक नाही. शिवाय काल जिथे पंखा होता तिथे आज गाणं असतं.

हे नुसतं म्हातारीचं कुरकुरणं नाही हे पटावं म्हणून गेल्या जुलैची एक सकाळ सांगते. बँकेत काम करणाऱ्या एक ताई, गाडी घेऊन दोन महिने झालेले. त्यांना कुंभार्ली घाटाचा धीर आणायचा होता, कारण माहेर कऱ्हाडला. पोफळीपर्यंत मजेत आलो. खाली हवा दमट, ताईंनी एसी अठरावर ठेवलेला. काच गार पडली आणि बाहेरून धुकटली. बाहेरून धरलेली वाफ वायपरच्या एका फटक्यात जाते, तशी ती गेली. मी सांगितलं, एसी जरा कमी करा. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, झालं.

निम्मा घाट चढल्यावर उलटं झालं. बाहेर गारठा, आत आम्ही दोघी, मागच्या सीटवर दोन ओल्या छत्र्या आणि आमचं बोलणं. वाफ आतून धरली. आता वायपर कितीही आपटा, काही उपयोग नाही. बाहेरची हवा आत घ्यायला हवी, एसी चालू हवा आणि झोत काचेवर हवा. माझ्या जुन्या गाडीत यासाठी एक चाक उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचं आणि एक खिट्टी सरकवायची. आंधळ्यालाही जमेल. ताईंच्या गाडीत आधी गाण्याचं पान बाजूला सारायचं, मग पंख्याचं चित्र, मग त्यात वाकड्या काचेवर तीन नागमोडी रेषांचं चित्र शोधायचं. मागच्या काचेचंही तसंच, फक्त चौकोनी. त्यातून ताईंचं बोट ओलं, छत्री मिटून बसल्या होत्या ना! पडदा ओल्या बोटाला दाद देईना. त्यांनी दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा मान वळवून बघितलं. मी मोजत होते, सवयच आहे. चार सेकंद. ताशी तीसचा वेग धरला तरी चार सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते, म्हणजे एकामागे एक लावलेल्या तीन एसट्या. एवढं अंतर बाई पडद्याकडे बघत होत्या आणि वळणावर वरून उसाचा ट्रक नव्हता, हे आमचं नशीब. कठडा मात्र होता. माझा उजवा पाय सवयीने ब्रेकवर गेला. माझ्या गाडीत डावीकडेही क्लच-ब्रेक आहे. त्यांच्या गाडीत तिथे पायपुसणं होतं. ते मी जिवाच्या आकांताने दाबलं.

स्टिअरिंग धरून गाडी सरळ केली, रुमालाने काच पुसली, पुढच्या रुंद जागेत थांबलो. ताई म्हणाल्या, “मॅडम, मी एवढी बावळट कशी?” त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. बावळटपणा त्यांचा नव्हता. ज्याने ते बटण पडद्याच्या पोटात ढकललं, त्याने जुलैतला कोकणातला घाट बघितलेला नाही.

हे आता गाडीबाहेरच्या लोकांच्याही लक्षात आलंय. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या घेतल्या आणि जोडीला २००५ सालची एक व्होल्वो. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला आणि ताशी ११० किलोमीटरच्या वेगात चार साधी कामं सांगितली, काचेची वाफ घालवणं, रेडिओ लावणं अशी. जुन्या गाडीत चारही कामं दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. नव्यांपैकी सर्वांत वाईट गाडीला जवळजवळ पंचेचाळीस सेकंद लागले आणि ती १,३७२ मीटर गेली. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून नियम कडक केलेत. इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि संकटात मदत मागायचं बटण हे हाताला लागणारं नसेल तर पूर्ण गुण नाहीत. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आलंय, चांगलंच झालं. पण त्याचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर आतला माणूस किती वाचतो ते सांगतात. धडकेच्या आधी बाईची मान कुठे वळली होती, ते त्या ताऱ्यांत दिसत नाही. आणि पडदा का आला, तर वीस बटणं, त्यांच्या वीस वायरी आणि साचे यांपेक्षा एक काच कंपनीला स्वस्त पडते. ते बेलाशक करावं. फक्त आम्हाला ‘प्रीमियम’ म्हणून विकू नये.

आता मला कोणी जुन्याला चिकटलेली बाई म्हणण्याआधी दुसरी बाजू लिहिते. माझ्या विद्यार्थ्यांची निम्मी भीती नव्या गाड्यांनीच घालवली.

चिपळुणात सपाट रस्ता आहे किती? घरातून निघालं की चढ. पूर्वी चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं हा सगळ्यांत मोठा डोंगर. हाफ क्लच, हँडब्रेक आणि रेस यांचा मेळ बसेपर्यंत गाडी हातभर मागे घरंगळायची. मी मागच्या चाकाला जांभ्याचा तुकडा लावून शिकवायचे. शिकणारी दगड कडकड वाजला की किंचाळायची. आता ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी दोनेक सेकंद स्वतःला धरून ठेवते. त्या दोन सेकंदांत किती बायकांनी गाडी सोडून देण्याचा विचार सोडला, ते मला विचारा. हे ज्याने शोधलं त्याच्या घरी मी आंब्याची पेटी पाठवायला तयार आहे. याची गंमत अशी, की यात काही दाबायचं नाही, बघायचं नाही. पायाला कळतं आणि काम होतं.

एबीएसचंही तसंच, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचं. २०१९ पासून ते सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. त्याआधी ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला की चाकं जाम, मग स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी सरळच. आता ब्रेक दाबून ठेवूनही गाडी वळवता येते. फक्त पायाखाली पेडल थरथरतं आणि माणूस घाबरून पाय उचलतो. म्हणून पहिल्या पावसात ओल्या मोकळ्या मैदानात मी प्रत्येकीला तो थरकाप मुद्दाम अनुभवायला लावते. “थरथरला तरी दाबून ठेव,” एवढाच मंत्र. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. तिथे चावी देताना फोन कसा जोडायचा ते अर्धा तास शिकवतात.

मागचा कॅमेरा मला आवडतो, पण माझं त्याच्याशी भांडणही आहे. आमच्याकडे घराकडे जाणारा रस्ता म्हणजे एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते मागे उभी असलेली वस्तू ओळखतात. गटार उभं नसतं, ते आडवं आणि खोल असतं. त्यावर सेन्सर चकार शब्द काढत नाही. माझी एक विद्यार्थिनी “वाजत नाहीये मॅडम, जागा आहे” म्हणत शांतपणे मागचं चाक गटारात घेऊन गेली. चार माणसं बोलावून गाडी उचलावी लागली. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल चिखलाचा एक शिंतोडा पुरतो, पुढे सगळं दाभोळच्या खाडीसारखं गढूळ. म्हणून माझा नियम आहे, आधी मान मागे, मग आरसे, मग कॅमेरा. धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोटीत गाडी उलटी घ्यायची वेळ आली तर हाच क्रम जीव वाचवतो, कारण तिथे खलाशी हाताने खुणा करत असतो आणि तो पडद्यात मावत नाही.

सीट बेल्टच्या टिकटिकीला लोक शिव्या देतात. मी देत नाही. मे महिन्यात शेजारच्या सीटवर फणस ठेवला तर गाडी त्यालाही माणूस समजते आणि बोंबलते. आमच्या एका काकूंनी त्यावर फणसालाच बेल्ट लावला. अगदी बरोबर केलं, अचानक ब्रेक लागला तर तो दहा किलोचा फणस थांबेल कुठे? पण काही शहाणे टिकटिक बंद करायला नुसतीच क्लिप खोबणीत अडकवून बसतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना त्या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तरी माझ्याकडे एक गृहस्थ खिशात ती घेऊन आले होते. क्लिप मी ठेवून घेतली आणि परत मागायला आले तेव्हा दिली नाही.

लेन धरून ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल काय लिहू! चौपदरी रस्त्यावर, पांढरे पट्टे ठळक असतील तर ठीक असेल. शृंगारतळीच्या रस्त्यावर खड्डा चुकवायला गाडी जरा बाजूला घेतली, तर स्टिअरिंग हळूच उलटं ओढतं. एक आजी शिकायला होत्या (हो, आजीच, एकसष्टाव्या वर्षी शिकल्या). त्या दचकून म्हणाल्या, “मॅडम, कोणीतरी चाक ओढतंय. गाऱ्हाणं घालायला हवं का?” मी ते बंद करून दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली तर महाराज पुन्हा हजर. रोज बंद करायचं आणि तेही पडद्यातच.

नव्या हँडब्रेकवर माझा वैयक्तिक राग आहे, तोही प्रामाणिकपणे सांगते. पूर्वी दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी मधला दांडा माझ्या हाताजवळ असायचा. विद्यार्थी चुकला तर मी तो खेचायची. तेवढ्या भरवशावर मी घाटात बसत होते. आता तिथे नखाएवढं बटण. पुष्कळ गाड्यांत ते ओढून धरून ठेवलं तर चालती गाडीही थांबते, हे मी पुस्तिकेत वाचून काढलं आणि मैदानात करून बघितलं. मालकांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. सांगायला शोरूममध्ये अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि स्टेपनी! २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच दिला की कंपनीला जादा चाक देण्याची सक्ती नाही. खिळा घुसला तर तो संच पुरतो. आमच्याकडे मात्र डांबराची कड तुटून टायर बाजूने फाटतो. फाटलेल्या टायरमध्ये त्या संचातलं पांढरं औषध घालणं म्हणजे फुटक्या माठाला रांगोळी काढणं. मार्गताम्हान्याच्या पुढे रात्री साडेनऊला, फोनला रेंज नसताना, मी आणि एक विद्यार्थिनी पावणेदोन तास बसलो होतो. हवा कमी झाल्याचं गाडीने लगेच सांगितलं, त्याबद्दल तिचे आभार. ते आम्हालाही दिसत होतं. शेवटी एका टेंपोवाल्याने तिला घरी सोडलं आणि मला शृंगारतळीला. गाडी सकाळी उचलून नेली.

आम्हा चिपळूणकरांची आणखी एक खोड आहे. २२ जुलै २०२१ नंतर आम्ही गाडी घेताना सीट उचलून खाली काय बसवलंय ते बघतो. त्या पुरात माझी शिकवायची गाडीही बुडाली. गालिचे उपटून, वायरी वाळवून, तेल बदलून मेकॅनिकने ती महिन्याभरात उभी केली. आजही त्याच गाडीवर शिकवते, दमट दिवशी थोडा वास येतो. शेजारची दीड वर्षाची गाडी विमावाल्यांनी बघितली आणि ती मोडीत काढायच्या कागदावर सही करून टाकली. तिच्या अंगात जितके मेंदू होते तितके सगळे पाण्यात गेले होते. यात कंपनीचा दोष आहे असं मी म्हणत नाही, वाशिष्ठी कोणाचं ऐकते? पण सदरात लिहिणाऱ्याने गाडीत किती कंट्रोलर आहेत हे सांगताना ते जमिनीपासून किती वर आहेत, हेही सांगावं. चिपळूण, महाड, खेड, राजापूर इथले वाचक तेवढं नक्की वाचतील.

काचेचं छप्पर आणि माडाखालचं पार्किंग यावर लिहिणार होते, पण ज्यांच्या गाडीवर नारळ पडला ते माझे नातेवाईक आहेत आणि ते आपला पेपर घेतात.

तर संपादक महोदय, मागणं एवढंच. आपल्या सदरातल्या चौकटीत पडद्याची लांबी इंचांत असते, स्पीकर किती ते असतं, छपराची काच उघडते का तेही असतं. तिथे तीन ओळी वाढवा. काचेवरची वाफ न बघता एका हाताने घालवता येते का. डिकीत स्टेपनी आहे का. आणि नको असलेली मदत एकदा बंद केली की बंद राहते का. आमच्याकडच्या बायका गाडी घेण्याआधी ती चौकट कापून मला आणून दाखवतात, म्हणून तळमळ.

आपल्या परीक्षकांनी गाडी मार्चमध्ये मोकळ्या महामार्गावर चालवलेली असते, ते फोटोतल्या उन्हावरून कळतं. एकदा त्यांना जुलैत चिपळूणला पाठवा. स्टेशनवर घ्यायला मी येईन. दोन छत्र्या भिजवून मागच्या सीटवर ठेवू आणि कुंभार्ली चढू. आधी त्यांची नवी गाडी, मग माझी जुनी. माझ्या गाडीत त्यांनी निर्धास्त चालवावं, तिथे डावीकडे पायपुसणं नाही, ब्रेक आहे.

आपली नम्र,
एक ड्रायव्हिंग शिक्षिका, चिपळूण
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये. नापास केलेले बरेच जण गावातच आहेत.)